तू खोडलेला शेवटचा प्रश्न

मिलिंद,

तुझा फॉर्म आलाय. तुझा म्हणजे तू तयार केलेला आणि तुझ्याच नावाने आलेला. सरकारी नोकरीतला माणूस गेल्यावर घरच्यांनी भरायचा. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. त्यातले नऊ दिवस तो डायनिंग टेबलवर पडलाय. वर फळांची टोपली ठेवलीय, म्हणजे निदान तुझं नाव दिसू नये. सोबतच्या पत्रात लिहिलंय की महिनाअखेरपर्यंत कागदावर किंवा ऑनलाइन भरून पाठवला नाही, तर माझा आणि सईचा आरोग्यविमा बंद होईल. आज सत्तावीस तारीख आहे.

सई रोज विचारते. कॉलेजला परत जायचं तिनेच लांबवलंय, माझ्यासाठी. काल ती वैतागलीच. "आई, इट्स टू पेजेस! बाबा स्पेंट लाइक टू इयर्स मेकिंग इट टू पेजेस, अँड यू वोन्ट इव्हन लुक अ‍ॅट इट." मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "आय कॅन फिल इट. तू फक्त साइन कर." मी तिच्यावर ओरडले. मग दोघी रडलो, मग दोघींनी मिळून फ्रोझन पराठे खाल्ले. असं चाललंय आमचं.

तिला कसं सांगू, की त्यात भरण्यासारखं काही नाही, म्हणूनच भरवत नाही. तुझं नाव आधीच छापलंय. जन्मतारीख छापलीय. ती दुसरी तारीखही छापलीय. आपलं लग्न कधी झालं तेसुद्धा तुमच्या खात्याला माहीत आहे, म्हणून विचारलेलं नाही. मला फक्त 'बरोबर आहे' अशी खूण करायचीय, पत्ता बघायचाय आणि सही करायचीय. जुन्या नऊ पानांच्या फॉर्मवर निदान तुझं नाव चार वेळा लिहायला लागलं असतं. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस.

रागावलेय मी तुझ्यावर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज नको.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन भेटलं आणि विचारलं, "मिलिंदजी, तुम्ही काय करता?" की तू म्हणायचास, "मी प्रश्न खोडतो." आजूबाजूला सगळे क्लाउड आणि डेटावाले. लोकांना वाटायचं हा शाळेत मास्तर आहे की काय. मग मी शेजारून खुलासा करायचे, की हा इथल्या राज्य सरकारात आहे, राजधानीत, ट्रेंटनला, लोकांना कमी कागद भरावे लागावेत हे बघणं हीच याची नोकरी. त्यावर हमखास कोणीतरी हसून म्हणायचं, "सरकारात? कागद कमी करायला?" आणि तू त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचास. चांगली आयटीतली नोकरी सोडून तू तिथे गेलास तेव्हा आपल्या वेस्ट विंडसरमधल्या निम्म्या मित्रांना वाटलं होतं की तुझी नोकरी गेली आणि तू ते लपवतोयस. तुला त्याचंही काही वाटलं नाही. "घरून बारा मिनिटं लागतात बाप्पा, अजून काय पाहिजे?" असं म्हणून मोकळा झालास.

पण मला खरं कारण माहीत होतं. नागपूरला तुझ्या बाबांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागायचा. जिवंत आहोत हे सिद्ध करायला पेन्शनवाल्यांची रांग. एका वर्षी बाबांना एकशे तीन ताप होता आणि तू त्यांना ऑटोत बसवून, शाल गुंडाळून नेलं होतंस. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेन्शनर स्वतः आलेत का?" हे तू मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलंस, आणि नंतर दर नोव्हेंबरात सांगितलंस. मी चिडवायचे, आली बघा यांची पुण्यतिथी. तू म्हणायचास, "हस तू. तुम्हा पुण्याच्या लोकांना रांगेत उभं राहायला आवडतंच, आम्हाला नाही आवडत."

तुझे दोन नियम होते. जे आपल्याला आधीच माहीत आहे ते माणसाला पुन्हा विचारायचं नाही. आणि ज्या उत्तराचा उपयोग करायचा नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. हे दोन नियम तू फ्रिजवर लावले होतेस. सई आठवीत असताना तिने खाली तिसरा लिहिला, की मुलगी पार्टीला चालली असेल तर कुठलाच प्रश्न विचारायचा नाही. तू तो कधी काढला नाहीस.

आणि ते टायमर लावून बसणं! किती जणांच्या घरी नवरा शनिवारी चहा झाल्यावर बायकोसमोर सरकारी फॉर्म ठेवतो? माशांच्या दुकानाचा परवाना, पाळणाघराची नोंदणी, अपंगांच्या पार्किंगचा अर्ज. मी कधी कोळीण, कधी पाळणाघरवाली. ओव्हनवरचा टायमर लावून तू समोर बसायचास. मला काही विचारायची परवानगी नसायची. "मदत मिळणार नाही," तू बजावायचास. "समज, तू घरी एकटी आहेस." किती सहज म्हणायचास रे. आणि मीही किती सहज समजायचे.

मग मला जेवढी मिनिटं लागली तेवढी तू वहीत लिहायचास, ऑफिसात आणखी दोघांची घ्यायचास, आणि फॉर्मच्या तळाशी छापून यायचं: हा फॉर्म भरायला अंदाजे इतका वेळ लागतो. आता यात काय घोळ होता हे आपल्या दोघांनाही सात वर्षं कळलं नाही. अरे, मी व्हिसाचे, ग्रीन कार्डाचे, सिटिझनशिपचे फॉर्म भरून भरून तयार झालेली बाई. आपल्या तिघांचे पासपोर्ट नंबर मला पाठ. गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, तारखांसकट पाठ. मला चाळीस मिनिटं लागली म्हणजे जगाला चाळीस मिनिटं लागतील, असं फक्त बायकोवर विश्वास असलेल्या तुझ्यासारख्या माणसालाच वाटू शकतं.

ते कळलं कुमुदकाकूंमुळे. आणि आता मला ते सांगायचंय जे मी तुला कधीच सांगितलं नाही.

तुला आठवतं, काकूंचे मनोहरकाका गेले तेव्हा. तेही सरकारी नोकरीत होते, रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर. काकू तो नऊ पानी फॉर्म घेऊन मी काम करते त्या लायब्ररीत आल्या. तू नेहमी म्हणायचास की लायब्ररी म्हणजे सरकारचं मागचं दार, जिथे लोक प्रिंट काढायला येतात आणि रडून जातात. काकू तीन दुपारी येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अनघा, इथे चाळीस मिनिटं लिहिलंय गं. मला तिसरा दिवस आहे. मी एवढी ठोंबी झालेय का?"

त्या संध्याकाळी मी हे तुला सांगितलं आणि तुझा चेहरा उतरला. ते चाळीस माझे होते ना. पुढच्या शनिवारपासून तू मला टायमरवर बसवणं बंद केलंस. लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये काकूंसारख्या आठ-दहा जणींना बोलावलंस, चकल्या आणि चहा ठेवलास आणि नुसता बघत बसलास, कोण कुठे अडतं ते. घरी येऊन जेवला नाहीस. "सात वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं," एवढंच म्हणालास.

हे सगळं मी सांगितलं. पण त्याच तिसऱ्या दुपारी आणखी एक झालं होतं, ते नाही सांगितलं. फॉर्मच्या शेवटी चौदावा प्रश्न होता. 'मृत व्यक्तीविषयी आपल्याला आणखी काही सांगायचे असल्यास येथे लिहावे.' खाली मोठी रिकामी चौकट. काकू त्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, "सांगायचं खूप आहे गं, पण मला इंग्रजीत जमायचं नाही." आणि मी, तुझी हुशार बायको, लायब्ररीतली मदतनीस, त्यांना म्हणाले, "मराठीत लिहा की काकू. मनातलं लिहा. काय होतंय?"

काय झालं ते तुला माहीत आहे. पूर्ण पान मराठीत, मागच्या बाजूलाही मराठीत. पाच आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत आला, प्रमाणित भाषांतर जोडून पुन्हा पाठवा म्हणून. मग तो रांगेच्या शेवटी गेला. काकूंचा विमा मध्ये चार महिने बंद पडला, गुडघ्याची फिजिओथेरपी अर्ध्यात थांबली, आणि त्या अजूनही जिना चढताना एक पाय ओढतात. तू तेव्हा घरभर फिरत होतास आणि विचारत होतास, "पण काकूंना मराठीत लिहायचं सुचलं कसं?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं." म्हाताऱ्या माणसावर ढकललं मी ते, मिलिंद. जिने माझ्यावर विश्वास टाकला तिच्यावर.

त्यानंतर तू चौदाव्या प्रश्नाच्या मागे लागलास आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. आता कळतं, आपली चूक कबूल करायची नसली की माणूस किती तावातावाने भांडतो. पण तेवढंच नव्हतं. मला खरंच वाटायचं की तो प्रश्न हवा.

"वाचणारं कोणी नाही, अनघा," तू म्हणालास. "मी चौकशी केली. ती चौकट रिकामी नसली की फाइल बाजूला पडते, वेगळ्या टेबलावर. तिथे एकच माणूस. ज्यांनी काही लिहिलं नाही त्यांचं काम तीन आठवड्यांत होतं. ज्यांनी आपल्या माणसाबद्दल लिहिलं ते चार-चार महिने थांबतात. कुणासाठी ठेवायचा मग हा प्रश्न?"

"मग वाचायला माणूस ठेवा. प्रश्न कशाला मारता?"

"माणूस ठेवणं माझ्या हातात नाही. प्रश्न काढणं आहे."

"हातात खोडरबर आहे म्हणून जे दिसेल ते खोडायचं का?"

"अगं, जे वाचायचंच नाही ते लिहून घेणं म्हणजे फसवणूक आहे. माणूस काळीज काढून ठेवतो आणि आपण त्यावर शिक्का मारतो, अपूर्ण म्हणून. काहून विचारायचं?"

मी तुला लायब्ररीतल्या लोकांबद्दल सांगायचे. फॉर्म संपतो, प्रिंट निघतं, तरी माणूस हलत नाही. प्रिंटरपाशी उभं राहून सांगायला लागतो, तिला गाडी चालवायला फार आवडायचं, तो रविवारी पॅनकेक करायचा. "हे त्यांनी कुठे सांगायचं?" मी विचारायचे. तू म्हणायचास, "तुला सांगतात ना. पुरे आहे की." आणि मला वाटायचं तू उडवून लावतोयस.

दोन वर्षं चाललं हे भांडण. कॉस्टकोच्या रांगेत, सईला हॉस्टेलवर सोडून येताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, माझ्या तोंडात कापूस असताना. आपण दोघं कंटाळायचो नाही. पुष्कळ जोडप्यांना सिनेमा लागतो, आपल्याला चौदावा प्रश्न पुरला.

शेवटी तू जिंकलास. ज्या दिवशी नवा फॉर्म मंजूर झाला, त्या दिवशी तू छापील प्रत घेऊन घरी आलास, येताना जिलेबी घेऊन आलास. टेबलावर दोन पानं पसरून ठेवलीस. तेरा प्रश्न, त्यातले नऊ आधीच भरलेले. मृत्यूचा दाखला जोडायचा नाही, खातं आपणच मागवून घेणार. तुझे डोळे चमकत होते. आणि मी ती पानं उचलून पाहिली, शेवटी चौकट नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता माणूस मेला की लगेच पावती मिळेल."

तू पानांची घडी घातलीस आणि बॅगेत ठेवलीस. जिलेबी आपण खाल्ली, पण गप्प बसून. नंतर तीन आठवडे आपण सगळ्याबद्दल बोललो, गटर साफ करायला कोणाला बोलवायचं, सईच्या गाडीचे टायर, तुझ्या बहिणीच्या घरची पूजा. या एका गोष्टीबद्दल नाही. मला वाटलं, राग शांत झाला की मी सॉरी म्हणेन, आणि काकूंचंही सांगून टाकेन. एकाच दमात दोन्ही. मी वेळ बघत होते. मग तो मंगळवार आला, तुझ्या ऑफिसातून फोन आला, आणि पुढचं मला लिहायचं नाही.

तुला सांगते, तू गेल्यापासून मी जे कागद पाहिलेत ते पाहून तू वेडा झाला असतास. प्रत्येक ठिकाणी दाखल्याची मूळ प्रत. बँकेला एक, गाडीच्या नोंदणीला एक, घराच्या विम्याला एक. फोन कंपनीच्या मुलीने मला सांगितलं की कनेक्शन तुझ्या नावावर आहे, तेव्हा बंद करायचं तर खातेदाराशीच बोलावं लागेल. मी म्हटलं, बोलून बघा, जमलं तर मलाही सांगा. ती बिचारी 'आय अ‍ॅम सो सॉरी' म्हणून रडायलाच लागली. तिला तरी काय दोष, तिच्यासमोर तशीच चौकट असणार. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला, हे मिलिंदला सांगायला हवं, तो यावर तासभर बोलेल. असं दिवसातून दहा वेळा होतं.

आणि मग काल दुपारी कुमुदकाकू आल्या. मुगाची खिचडी आणि कढी घेऊन, आपल्या पायऱ्या एकेक करत चढत. मी हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, मला सवय आहे." माझ्या मनात आलं, सवय मी लावली. त्या सोफ्यावर बसल्या, सईला जवळ घेतलं, तुझ्या फोटोकडे बघितलं. मग टोपलीखालचा फॉर्म त्यांना दिसला.

"भरला नाहीस अजून?"

मी नाही म्हटलं. आणि का कोण जाणे, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला मराठीत लिहा म्हणून मीच सांगितलं होतं. तुमचे चार महिने माझ्यामुळे गेले. तुमचा पाय माझ्यामुळे असा राहिला. आणि मिलिंदला मी हे कधी सांगितलंच नाही. तुमच्यावर ढकललं."

काकू म्हणाल्या, "अगं वेडे, त्याला माहीत होतं."

मला वाटलं, माझं सांत्वन करतायत.

"फॉर्म परत आला ना, तेव्हा मिलिंदच माझ्याकडे येऊन बसला होता, शनिवारी. तू मराठी शाळेत शिकवायला गेली होतीस. म्हणाला, भाषांतर मी करून देतो, सही मात्र दुसऱ्या कुणाची घेऊ, मी खात्यातला पडलो. आणि माझी पहिलीच ओळ होती, 'अनघा म्हणाली मराठीत लिहा, म्हणून मराठीत लिहिते.' ती वाचून तो थांबला. मग हसला. मला म्हणाला, काकू, अनघाला सांगू नका मला कळलंय म्हणून."

मी विचारलं, का.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, तिला कळलं तर ती पुन्हा कुणाला 'मनातलं लिहा' म्हणायला घाबरेल. तिने घाबरू नये."

दोन वर्षं, मिलिंद. दोन वर्षं आपण भांडलो आणि हुकमाचं पान तुझ्या हातात होतं. एकदा टाकलं असतंस तर मी तिथेच गप्प झाले असते. मी तुला खोडरबर म्हटलं, पावतीवाला म्हटलं, आणि तू ते पान खिशात ठेवून बसलास. 'पण काकूंना सुचलं कसं' असं तू घरात फिरत विचारत होतास, ते त्या शनिवारच्या आधी. नंतर तू ते पुन्हा कधी विचारलं नाहीस. हे माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, विसरलास.

काकू पुढे सांगत होत्या. त्यांनी त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते. मनोहरकाका गाडीतून जाताना प्रत्येक वळणावर म्हणायचे, हा रॅम्प मी आखलाय, या पुलाचा उतार मी काढलाय. तीस वर्षं ऐकून काकू कंटाळल्या आणि एकदा म्हणाल्या, पुरे झालं आता तुमचं. त्यानंतर काका गाडीत गप्प बसायचे. ते काकूंनी लिहिलं होतं, की मी त्यांना बोलू द्यायला हवं होतं. "हे वाचताना मिलिंद मध्येच उठला," काकू म्हणाल्या. "रिसायकलिंगचे डबे रस्त्यावर ठेवून येतो म्हणाला. सोमवारचे डबे, शनिवारी! परत आला तेव्हा डोळे लाल होते. मग बसून एकेक शब्द विचारून विचारून इंग्रजी केलं त्याने. 'पुरे झालं' याला त्याला बरोबर शब्दच सापडेना. अर्धा तास लावला त्या एका ओळीला."

म्हणजे वाचणारं कोणी नाही असं तू म्हणत होतास, तेव्हा तू वाचलेलं होतंस. तुला ती चौकट नकोशी नव्हती. तिथे काय असतं हे कळल्यावर तुला ते त्या टेबलावर चार महिने पडलेलं बघवत नव्हतं. हे तू मला का नाही सांगितलंस? सांगायचं म्हणजे काकूंचं पान सांगावं लागलं असतं, आणि ती पहिली ओळही. मला वाचवायला तू स्वतःचं म्हणणं अर्धंच मांडलंस आणि मग माझ्याकडून त्याबद्दल बोलणी खाल्लीस. तुझ्या या चांगुलपणाचं मी काय करू? जिवंत असतास तर आधी कडकडून भांडले असते.

आता ते जमणार नाही. म्हणून आधी राहिलेलं म्हणते. सॉरी, मिलिंद. पावतीचं जे बोलले त्याबद्दल. काकूंचं लपवलं त्याबद्दल. आणि थँक यू, की तुझा तो नऊ पानांचा छळ मला भोगावा लागला नाही. ज्या आठवड्यात मला आपला झिप कोडसुद्धा आठवत नव्हता, त्या आठवड्यात कोणीतरी माझ्यासाठी तो आधीच लिहून ठेवला होता.

पण एक सांगू? माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. तू बरोबर होतास आणि मीही बरोबर होते. प्रश्न काढायला हवा होता आणि माणूसही ठेवायला हवा होता. तू असतास तर म्हणाला असतास, ठेव मग तू, तुझी लायब्ररी आहेच. पुढच्या आठवड्यात मी कामावर जाणार आहे. प्रिंटरपाशी कोणी रेंगाळलं तर त्याला खुर्ची देणार आहे. घाबरणार नाही.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मी सईला म्हटलं, लॅपटॉप आण. ती धावत गेली. आम्ही दोघी टेबलापाशी बसलो, तुझी खुर्ची मधे. कागदी फॉर्म समोर ठेवला, पण भरला ऑनलाइनच, तुला तेच आवडलं असतं. तुझं नाव बरोबर आहे का? आहे. तारीख बरोबर आहे का? सईने माझा हात धरला. आहे. पत्ता बदलला आहे का? नाही. तुझ्यामागे कोण कोण आहे? आमची दोघींची नावं, बरोबर लिहिलेली, सईच्या इंग्रजी नावातल्या 'आय'वरची दोन टिंबंसुद्धा. ती टिंबं इथे कधीच कुठल्या सरकारी कागदावर येत नाहीत. तू कुणाच्या मागे लागून ती घालून घेतलीस कोण जाणे.

तेरा प्रश्न संपले. खाली सहीची जागा आणि एक बटण. मी सही केली. सई म्हणाली, "रेडी?" मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. बटण तिने दाबलं की मी, ते आता आठवत नाही.

पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली दोन वाक्यं. इंग्रजीतच होती, पण मला ती मराठीतच ऐकू आली. 'आम्हाला हवं होतं ते सगळं मिळालं. आता तुम्हाला आणखी काहीही करायचं नाही.' सरकार असं बोलत नाही. सरकार म्हणतं, आपला अर्ज प्राप्त झाला आहे, क्रमांक जपून ठेवावा. सई एकदम म्हणाली, "दॅट्स बाबा. आई, दॅट्स टोटली बाबा." ती रडत होती आणि हसतही होती. मला माहीत आहे, तू त्या दोन वाक्यांसाठी महिनाभर मीटिंगांत भांडला असशील. भरून पाठवल्यानंतरही लोक धास्तावलेले असतात, काही राहिलं तर नाही ना म्हणून. त्यांना सांगायला हवं, असं तुला वाटलं असणार.

सई वर झोपायला गेली. मी अजून त्याच टेबलापाशी आहे. ऊन शेजारच्या कुंपणापर्यंत आलंय. पडद्यावर तुझं वाक्य तसंच आहे, मी बंद केलेलं नाही. मिलिंद, आणखी काही करायचं नाही म्हणजे मग आता मी काय करू रे?